एका घरट्यातल्या तीन साळुंक्या

एका राज्यात, जिथं झाडांना नावानं हाक मारली तर ती वळून बघत, तिथं गोजरा नावाची बाई राजाची पाखरं सांभाळी. तोंडानं फटकळ, पण पिल्लाला भरवू लागली की तिचा हात फुलासारखा. राजकन्या चंद्रावळही तिच्याच मांडीवर वाढलेली.

त्या राज्याची रीत अशी, की राजसाळुंकीचं थोरलं पिल्लू राजाचं. ते सव्वा महिना मखमली बुरख्याच्या पिंजऱ्यात राहायचं. त्याच्याजवळ कुणी खोकायचंसुद्धा नाही. धाकट्यांना कुणी विचारीना. म्हणून गोजरानं एक पिल्लू तांबटाच्या दुकानात ठेवलं, एक बाजारात माळणीपाशी. आई एक, बाप एक, ऊबही एकाच पोटाची.

पाखरं मोठी झाली. तांबटाकडची ठोकी हातोड्याच्या तालावर गाई. बाजारातली हाटकी कुणाच्या गोड बोलण्याला भुलत नसे. आणि महालातली मखमल? पान गळलं तरी गोजराच्या पदरात शिरे.

एके दिवशी कालजंघ नावाचा जादूगार दरबारात आला. त्याच्या गुडघ्यापर्यंतच्या दाढीत चिमण्यांनी घरटं केलं होतं. चंद्रावळ हसली. हसू येणारच की! पण जादूगारानं तिथल्या तिथं तिची दगडी बाहुली केली, आपल्या गुहेत तसल्याच नव्व्याण्णव बाहुल्यांत नेऊन मांडली, आणि म्हणाला, "राजा, एका घरट्यातली तीन पाखरं आण. पहिलीनं घंटांच्या कमानीतून गुहेची किल्ली आणावी. दुसरीनं माणकांच्या बागेतून संजीवन पाणी आणावं. तिसरीनं तुझी लेक ओळखावी. पाणी एकीपुरतंच. चुकलास किंवा सूर्य बुडाला, तर लेक दगडच; जिंकलास, तर मी दगड."

राजा साळुंक्या घेऊन निघाला. गोजराही निघाली. तिला कोण अडवणार?

कमानीत हजार घंटा आपोआप वाजत होत्या. राजा म्हणाला, "पहिला मान थोरलीचा. मखमल, जा."

घंटा ऐकताच मखमल चक्कर येऊन खाली पडली.

"बीजच नासकं!" राजा गरजला.

गोजरानं पाखरू उचलून छातीशी धरलं. "बीज तिघींचं एकच आहे, महाराज. हिला आवाजाची ओळख कुणी होऊ दिली? बुरखा आपला, अन् दोष पिल्लाचा होय?"

राजानं ठोकीला सोडलं. ठोकी मात्र घंटांच्या तालावर मान हलवत आत गेली आणि किल्ली घेऊन आली. "आमच्या दुकानात सकाळी याहून दंगा असतो," म्हणाली.

बागेतली झाडं लाडानं बोलू लागली, "ये गं बाळ, एक दाणा टिप." जो टिपे, तो माणिक होऊन फांदीला लटके.

"आधी तू खाऊन दाखव," हाटकी म्हणाली, आणि चोचीत कमळाची पाणीभरली कळी घेऊन परतली.

गुहा उघडली. शंभर बाहुल्या, सगळ्यांचं तेच नाक, तेच हसू. सूर्य डोंगराला टेकला होता.

"उरली ती भित्री," राजा कपाळ धरून म्हणाला.

मखमल पदरातून पुटपुटली, "गोजराई, धडधडतंय."

"तुझंच काळीज असेल, बाळा."

"माझं मला पाठ आहे. हे दुसरं आहे. पण महाराजांचे तोडे फार वाजतात."

"काढा, महाराज," गोजरा म्हणाली. "जोडेही काढा. अन् श्वास हळू."

राजानं निमूट सगळं उतरवलं. गुहेत अशी शांतता झाली, जशी बुरख्याखाली असते. मखमल थरथरत उडाली. एका बाहुलीपाशी थांबली, पुढं गेली, मागं फिरली आणि मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या बाहुलीच्या खांद्यावर बसली.

"हीच? नीट ऐकलंस?" राजानं कळी पुढं धरून विचारलं.

"हीच. ही अजून हसू दाबतेय."

राजानं कळी पिळली. दगड ओला झाला, शिंकला, आणि चंद्रावळ गोजराच्या गळ्यात पडली. तिचा पहिला प्रश्न, "गोजराई, त्याची दाढी अजून तशीच आहे का गं?"

त्याच क्षणी कालजंघ दारात दगड होऊन उभा राहिला. चिमण्या तेवढ्या जिवंत राहिल्या. त्यांची पिल्लं लहान होती.

परतताना अनवाणी राजानं विचारलं, "गोजराबाई, तो बुरखा जाळून टाकू?"

"जाळता कशाला? असू द्या. फक्त पिल्लाला आत एकटं ठेवायचं नाही. मी बसेन सोबत, हळू आवाजात गोष्टी सांगत."

त्यातलीच ही एक. पाखरांनी ऐकली, आता तुम्हीही ऐकलीत.