रस्त्यावरची गोपद्मं

एका नगरात एक लांबच लांब रस्ता होता. एका टोकाला वेस, दुसऱ्या टोकाला देवीचं देऊळ आणि मध्ये दोन्ही अंगांना घरं. त्या रस्त्यानं बस जायची, मोटारी जायच्या, सायकली जायच्या आणि पायी चालणारी माणसंही जायची. रस्ता एकच आणि घाई सगळ्यांना.

त्या नगराची एक रीत होती. दारापुढची रांगोळी कुणी मोडायची नाही. तिच्यावर पाय पडू द्यायचा नाही, चाक तर नाहीच नाही. चुकून पडलंच, तर त्या घरच्या बाईची क्षमा मागून मगच पुढं जायचं. सिग्नलला तिथं कुणी फारसं जुमानत नसे, पण रांगोळीला मात्र भांडखोर माणूसही वळसा घालून जाई.

त्या रस्त्यावर एक सासू आणि सून राहत होत्या. सून मोठी व्रतस्थ. आषाढी एकादशीपासून तिनं गोपद्मांचं व्रत धरलं होतं. गोपद्मं म्हणजे गाईच्या पावलांची रांगोळी. रोज सकाळी देवघरापुढं तेहतीस पावलं काढायची, हळदकुंकू वाहायचं आणि कार्तिकी एकादशीला उद्यापन करायचं. सासूबाईंचा नेम साधा होता. परडीत चार फुलं घ्यायची आणि रस्त्याच्या कडेकडेनं चालत देवीला वाहून यायची.

तर काय झालं, भाद्रपदातल्या एका सकाळी एक मोटार कडेला निम्मी रस्त्यात उभी होती. तिला चुकवायला बस सरकली. बसला चुकवायला सायकलवरचा दूधवाला सरकला आणि त्याच्या कॅनचा धक्का सासूबाईंना लागला. त्या पडल्या. उजवा हात मनगटात मोडला.

सून धावत बाहेर आली. दूधवाला कॅन सोडून सासूबाईंना उठवत होता. म्हणाला, “मी काय करू वहिनी, बसनं दाबलं मला.”

बसचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, “मी तरी काय करू, मोटार आडवी उभी होती.”

मोटारवाली दारात आली होती. ती म्हणाली, “मग मोटार काय देव्हाऱ्यात ठेवू?”

सगळ्यांचंच खरं होतं आणि हात एकट्या सासूबाईंचा मोडला होता.

हाताला प्लास्टर बसलं. सून देवापुढं बसून रोज म्हणे, “आईंचं रस्त्यानं जाणं-येणं सुखाचं होऊ दे.” म्हणता म्हणता तिला एक सुचलं. रांगोळीवर चाक येत नाही ना, मग गोपद्मं रस्त्यावरच काढली तर?

पाऊस ओसरला. घटस्थापनेच्या दिवशी तिनं रांगोळीचा डबा बाहेर नेला आणि आपल्या दारापासून देवळाच्या दिशेनं, रस्त्याच्या आतल्या बाजूनं, अंतराअंतरावर तेहतीस पावलं काढली. पावलांच्या पलीकडं चाकं, अलीकडं माणसं.

सासूबाई परडी डाव्या हातात घेऊन निघाल्या. त्यांनी विचारलं, “देवघरातली गोपद्मं बाहेर कशी गं आली?”

“देव सगळीकडंच आहे, आई.”

“आहे खरा,” सासूबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. त्या दिवशी त्यांना कुणाचा धक्का लागला नाही. भीतीसुद्धा वाटली नाही.

दूधवाला सायकलवरून उतरून रांगोळीपाशी उभा राहिला. “वहिनी, सुरेख काढलीत हो. पण मी आता कुठून जाऊ?”

“ते तुमचं तुम्ही बघा,” सून म्हणाली.

त्यानं बघितलं. म्हणजे घरी जाऊन बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोपद्मांच्या पलीकडं कमळांची एक ओळ उमटली. ती सायकलींची हद्द. दसऱ्याला मोटारवालीनं आपल्या मोटारीभोवती पिसारा फुलवलेला मोर काढला. ड्रायव्हरची बायको त्याच रस्त्यावर राहणारी. तिनं बसला वाट राहावी म्हणून मधोमध दोन लांब वेली काढल्या.

रांगोळी रोज नवी काढायची असते. त्यामुळं झालं असं, की रोज प्रत्येकीचा हात जरासा पुढं सरके. आज दोन बोटं, उद्या चार बोटं. कमळं परातीएवढी झाली. मोराला दुसरा मोर आला. आणि खरं सांगायचं तर आपली सूनही मागं नव्हती. तिच्या गाईची पावलं वाढत वाढत हत्तीएवढी झाली होती.

दिवाळीत त्या रस्त्यावर तीळ ठेवायला जागा उरली नाही. लांबलांबून लोक बघायला येत आणि कौतुक करत. भाऊबीजेला मात्र बस वेशीपाशी आली आणि तिथंच थांबली. दोन वेलींमधून बस जाईना. प्रवासी उतरले आणि पोतीपिशव्या डोक्यावर घेऊन, एका पायावर उड्या मारत घरी गेले. सायकलवाले सायकली खांद्यावर घेऊन चालू लागले. मोटारवालीची मोटार तर दोन मोरांच्या मध्ये अडकली. तिला झेंडूची माळ घालून ठेवली होती. ती तशीच सुकली.

“दोन दिवसांनी होईल सुरळीत,” प्रत्येक जण म्हणे. आपली रांगोळी मागं घ्यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

इकडं दिवाळीच्या तोंडावर सासूबाईंचं प्लास्टर निघालं होतं. हात सांधला होता, पण बोटं मिटत नव्हती. एक नर्सबाई दिवसाआड बसनं येत, हाताला शेक देत आणि बोटं वळवून घेत. कणकेचा एक गोळा त्यांनी सासूबाईंच्या हाती दिला होता. तो दिवसभर दाबत बसायचं.

बस बंद झाली, तशा नर्सबाई चालत आल्या. तासभर उशीर झाला होता आणि साडीचे काठ रांगोळीनं माखले होते.

“ताई, रागावू नका,” त्या सुनेला म्हणाल्या. “वेशीपासून इथवर उड्या मारत यायचं आणि परत तसंच जायचं. माझी पुढची सात घरं राहतात. बस दारापर्यंत येत नाही, तोवर मला यायला जमायचं नाही.”

“आणि आईंची बोटं?”

“हेच तर दिवस आहेत वळवायचे. आत्ता राहिलं, तर आखडलेलीच राहतील. मग पोळी लाटणं सोडा, पदर खोचायला सुद्धा दुसऱ्याला हाक मारावी लागेल.”

 सून तडक वेशीकडं गेली. ड्रायव्हर बसच्या पायरीवर बसून चहा पीत होता.

“मामा, बस आत आणा. आमच्या आईंच्या हाताचा प्रश्न आहे.”

“कशी आणू वहिनी? वेल माझ्याच बायकोची. तिच्यावरून चाक नेलं, तर मला जेवायला कोण वाढणार?”

“मग त्यांना सांगा की, वेली थोड्या लांब काढा म्हणून.”

“सांगितलं. म्हणाली, कमळवाल्यांनी जागा सोडली तर काढीन.”

सून दूधवाल्याच्या घरी गेली. त्याची बायको म्हणाली, “आम्ही सरकू हो. पण आमच्या अंगावर तुमची गोपद्मं आलीत.” मोटारवालीकडं गेली. ती म्हणाली, “सुरुवात काय मी केली?”

सुरुवात कुणी केली, ते सुनेला माहीत होतं.

ती घरी आली आणि सासूबाईंपुढं बसली. सासूबाई कणकेचा गोळा दाबत होत्या. गोळ्यावर बोटांचे जेमतेम ठसे उमटत होते.

“आई, मी ओळ मागं घेतली नाही, तर नर्सबाई येत नाहीत. मागं घेतली आणि बाकीच्यांनी घेतली नाही, तर सगळी चाकं तुमच्या अंगावर येतील. व्रताचे सात दिवस राहिलेत. मी काय करू?”

सासूबाई म्हणाल्या, “गाईचं पाऊल कधी उमटतं गं?”

“गाय चालून गेली की.”

“आणि तू ती काढलीस कशाला? कुणी चालून येऊ नये म्हणून. देवानं याला व्रत समजावं की कुंपण?”

सुनेची नजर दारातून रस्त्यावरच्या पावलांकडं गेली.

“दूधवाल्याला तू म्हणालीस, तुमचं तुम्ही बघा. मी आतून ऐकलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पण मलाही मोकळं चालायला बरं वाटत होतं ना.” एवढं बोलून त्या पुन्हा गोळा दाबू लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुनेनं आंघोळ केली, पूर्वीसारखी देवघरापुढं तेहतीस गोपद्मं काढली आणि हात जोडले. मग बादली आणि खराटा घेऊन रस्त्यावर आली. कालची हत्तीएवढी पावलं तिनं एकेक करून धुऊन टाकली. आज तिच्या दारापासून देवळापर्यंत रस्त्याला एकही रेघ राहिली नाही. कुणीही यावं, कुठूनही जावं. 

इतक्यात दूधवाला सायकल खांद्यावर घेऊन आला. धुतलेला रस्ता बघून त्यानं सायकल खाली ठेवली.

“वहिनी, व्रत मोडलं की काय?”

“नाही. घरात नेलं. जरा थांबा. आमच्या आईंनी आता कुठून चालायचं, ते तुम्ही दाखवा. तुम्ही बोट दाखवाल, तिथं मी रेघ काढते.”

दूधवाल्याला ही अपेक्षा नव्हती. तिनं त्याला सरकायला सांगितलं असतं, तर तो भांडला असता. पण तिनं त्यालाच विचारलं होतं. तो रस्त्याकडं बघत राहिला. भाद्रपदात सासूबाई जिथं पडल्या होत्या, त्या जागेकडंही त्यानं बघितलं. मग तो चार पावलं आत गेला आणि त्यानं बोट दाखवलं.

“एवढी?” सून म्हणाली. “मी सुद्धा आधी इतकी घेतली नव्हती.”

“आजींना धरायला कुणी बरोबर असलं, तर दोघींना मावायला नको का?”

सुनेनं तिथं एक साधी सरळ रेघ ओढली.

“आता माझी जागा,” दूधवाला म्हणाला.

“ती तुम्ही नाही सांगायची आणि मीही नाही. ड्रायव्हरमामांना विचारू.”

बस आत आणायची ड्रायव्हरला घाई होतीच. पण सायकलची जागा दाखवायला सांगितल्यावर तो विचारात पडला. म्हणाला, “सायकलवाला मला आरशात पुरता दिसला पाहिजे. त्याचं हँडल डगमगलं, तरी माझ्या चाकाखाली येता कामा नये.” असं म्हणून त्यानं दाखवली ती जागा कमळांच्या ओळीपेक्षा हातभर जास्तच निघाली. दूधवाल्याच्या बायकोनं आपल्या हातानं कमळं पुसली.

बसची जागा दाखवायला मोटारवालीला बोलावलं. ती हाताची घडी घालून आली. बस केवढी, रस्ता केवढा हे तिनं नजरेनं मोजलं आणि तिच्या लक्षात आलं, की बसच्या वाटेत उभी आहे ती तिचीच मोटार.

“आणि आमच्या मोटारीची जागा कोण सांगणार?” ती म्हणाली.

“आई सांगतील.”

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “देवळामागं चिंचेखाली जागा आहे बघ. मोटार तापायचीही नाही. तिथून घर चार पावलं लांब पडेल, पण माझ्यासारखीला सोबत होईल तुझी.”

मोटारवाली हाताची घडी न सोडता आत गेली. दोन दिवस मोटार होती तिथंच राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी लोक उठून बघतात, तर दोन्ही मोर पुसलेले, बसच्या वाटेची रेघ ओढलेली आणि मोटार चिंचेखाली उभी.

ड्रायव्हरच्या बायकोनं वेली पुसल्या आणि त्या दिवशी बस आत आली. सगळं लगेच सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्याच दिवशी दूधवाला घाईत रेघेच्या आत शिरला. मग जीभ चावून खाली उतरला आणि सायकल हातात धरून चालत गेला. एका मोटारवाल्यानं उगाच हॉर्न वाजवला, तेव्हा बसमधले सगळे वळून त्याच्याकडं बघू लागले. त्यानं पुन्हा वाजवला नाही.

बसमधून नर्सबाई उतरल्या. त्यांनी रोज येऊन राहिलेले दिवस भरून काढले. सासूबाई शेकताना डोळे मिटून घेत आणि कणकेचा गोळा अंथरुणातही सोडत नसत.

एकादशी आली. सुनेनं व्रताचं उद्यापन केलं. सासूबाईंची मूठ अजून पुरती वळत नव्हती, पण अंगठा आणि दोन बोटं एकमेकांना भिडू लागली होती. रांगोळीच्या चिमटीला तेवढं पुरतं.

“बसनं थांबायचं कुठं, ते अजून कुणी आखलं नाही ना?” सासूबाईंनी विचारलं. मग त्या रस्त्यावर आल्या, सुनेच्या खांद्याला धरून खाली बसल्या आणि थांब्याची रेघ त्यांनी स्वतःच्या उजव्या हातानं ओढली. हात थरथरत होता. रेघ तिरकी झाली.

“आई, मी सरळ करते,” सून म्हणाली.

मागं बस येऊन उभी होती. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, “राहू द्या वहिनी. आहे तशी बरी आहे.” आणि त्यानं बस त्या रेघेला धरून, तशीच जराशी तिरकी उभी केली.

त्या नगरात बस अजूनही तशीच थांबते म्हणतात. त्या सासूबाईंचं जाणं-येणं जसं सुखाचं झालं, तसं तुमचं-आमचं, साऱ्या वाटसरूंचं होवो.

तात्पर्य: रस्त्यावर प्रत्येकानं आपली जागा आखली, तर रस्ताच उरत नाही; आधी दुसऱ्याची जागा आखावी, म्हणजे आपल्यालाही वाट मिळते.