चपळाने पंप निवडला

गाड्या आणि त्यांचे सुटे भाग माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. कोल्हापूरच्या एका गॅरेजात चपळा नावाची शर्यतीची गाडी होती. सरळ रस्त्यावर ती वाऱ्यासारखी सुटायची, पण शेवटच्या टप्प्यात इंजिन जास्त पेट्रोल मागायचं आणि जुना पंप धापा टाकायचा. हरून हरून चपळा रडकुंडीला आली होती.

एके दिवशी मालकीण यमुनाताईंनी विजेवर चालणारे दोन नवे पंप आणले. जाडजूड पंपाने बादलीत धो धो पेट्रोल ओतलं. "बघितलंस? आहे का माझ्या तोडीचा कुणी?" तो म्हणाला. सडपातळ पंपाची धार त्यापुढे बारीक दिसली. चपळा जाड्यावर भाळलीच होती, पण तिला आपले पराभव आठवले.

"ताई, बादलीत कुणीही ओतेल," ती म्हणाली. "शर्यतीत इंजिनात पेट्रोल जेवढ्या दाबाने ढकलावं लागतं, तेवढ्या दाबावर यांना चालवून बघा ना!"

यमुनाताईंनी पंपांच्या नळ्यांची तोंडं आवळून दाब चढवला. जाड्या घरघरू लागला, त्याची धार करंगळीएवढी झाली. सडपातळ पंपाची धार मात्र तसूभरही कमी झाली नाही.

"ताई, यालाच बसवा!"

पुढच्या शर्यतीत एक काळी गाडी सगळ्यांच्या आधी सुटली. चपळा तिच्यामागे धावली. शेवटचा टप्पा आला, तसा पंप ओरडला, "घे, हवं तेवढं घे!" चपळा गर्जत काळीच्या पुढे गेली आणि जिंकली. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले.

"तुझा पंप ओततो तरी किती गं?" काळीने धापा टाकत विचारलं.

"ते बाई मी मोजलं नाही," चपळा हसली. "पण ऐन वेळी तो दमत नाही!"