उलटा लागलेला पाय

तोडल्यावरही लाकडाचं बोलणं थांबत नसे, त्या काळातली ही गोष्ट. भागा कुंभारणीचे गुडघे धरले आणि तिला जमिनीवर बसवेना. म्हणून वादळात पडलेल्या जांभळीच्या फांदीचं तिनं चाकापाशी बसायला एक स्टूल केलं. करवत तिनं पहिल्यांदाच हातात धरली होती.

ती बसली की स्टुलाचा चौथा पाय थरथरायचा आणि खोबणीतून सुटायचा.

"अरे, नीट उभा राहा की! म्हातारीला पाडतोस का?" बाकीचे तिघे ओरडले.

"मला जमीन सापडतच नाही रे," चौथा पुटपुटला. "डोळे मिटले की मी अजून वाऱ्यावर डुलतो, आणि आभाळ माझ्या पायाखाली असतं."

"झोपाळू कुठला! चुलीत घाला याला!"

भागानं त्याला उपसून चुलीकडे नेलं. पण मडकं वाजवून बघायची तिची सवय जुनी. तिनं त्याची दोन्ही टोकं बोटानं वाजवली, चाचपली आणि ती खुदकन हसली.

"अगं बाई! तुझं बूड मी आभाळाकडे केलं की रे!"

तिनं त्याला फिरवून बसवलं. नवं टोक तासताना तो बोटभर तोकडा झाला, म्हणून त्या तिघांनाही बोटभर कापावं लागलं. ते कुरकुरले, पण या खेपेला हळू आवाजात.

मग भागा बसली. चाक फिरू लागलं. चौथ्याच्या तळाला गार, ओली माती लागली, आणि आपल्याला मुळं फुटतायत असं स्वप्न बघत तो जागचा न हलता झोपी गेला.