शेवंताची हिरवी गच्ची

एक होतं शहर. तिथे राजा नव्हता, राणी नव्हती. राज्य होतं उन्हाचं. त्या शहरात एका उंच इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत शेवंता राहायची. आई खाली घरोघरी भांडी घासायची आणि शेवंता धाकट्या भुऱ्याला सांभाळायची.

खोली कसली, भट्टीच ती! वरून स्लॅब तापायचा. खालच्या घरांतले एसी घुरघुरत आपली गरम हवा बाहेर सोडायचे. ती वर कुणाच्या खोलीत शिरते, हे कुणी विचारलं का कधी? नाव नको! भुऱ्याचं इवलंसं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. कालपासून त्याने दुधाला तोंड लावलं नव्हतं.

दुपारी शेवंता फुटक्या बादलीतल्या चिनी गुलाबाला पाणी घालायला गेली. बघते तर काय, गुलाबी पाकळ्यांखाली बोटाएवढी परी! पंख मोरपंखी, झगा चंदेरी, पण बिचारी उन्हाने पार कोमेजलेली. शेवंताने आपल्या वाट्याचं पाणी तिच्या चिमुकल्या ओठांना लावलं.

परीने डोळे उघडले. "गुणाची गं बाय माझी! माग एक इच्छा. पण दोन अटी आहेत. तुझ्या गारव्याने दुसऱ्याला चटका बसायला नको. आणि मी दिलेलं इथल्या कुणी मोडलं, तर ते त्यांच्याच हातांनी परत उभं करावं लागेल. तिथे माझी कांडी चालत नाही."

"मग एसी नको," शेवंता म्हणाली. "त्याची झळ पलीकडच्या पत्र्याच्या घरांत जाईल." तिने बादली सरकवली. भोवतालची फरशी पोळत होती, बादलीखालची मात्र गार! "परीताई, अख्ख्या गच्चीवर अशीच माती आणि हिरवळ दे ना!"

कांडी फिरली. खाली पाणी न झिरपणारा थर, त्यावर काळी माती, त्यावर पोपटी गवत आणि पिवळी-जांभळी फुलं! ऊन पानांवरच अडलं. मातीतली ओल हळूहळू हवेत उडाली आणि जाताना उष्णताही घेऊन गेली. खोली निवली. भुऱ्या शांत झोपला.

तोच खालच्या मजल्यावरच्या ताजणेकाकू शेजारणींना घेऊन, कुरडयांचं पातेलं सांभाळत वर आल्या.

"अगं बाई! गवत? गच्ची गळेल ना! आणि आमचं वाळवण कुठे घालायचं?"

आणि उपटलं की हो सगळं! एकीलाही लाज वाटली नाही. माती कोपऱ्यात लोटली, प्लास्टिक अंथरलं, कुरडया घातल्या. स्लॅब पुन्हा तापला. भुऱ्या रडरड रडला, मग त्याला रडायचंही त्राण उरलं नाही.

कधी उलटून न बोलणारी शेवंता कडाडली, "काकू, ज्या उन्हात तुमच्या कुरडया वाळतायत, त्याच उन्हात माझा भाऊ वाळतोय!"

"काहीतरीच तुझं," म्हणत काकू पहिल्यांदाच त्या खोलीत शिरल्या. भिंतीला हात लागला आणि पोळला. मग त्यांनी भुऱ्याकडे पाहिलं.

"न्या गं ह्याला आधी माझ्या घरी, पाणी पाजा!" त्या ओरडल्या. पदर खोचला, कुरडया गुंडाळल्या आणि गुडघे टेकून एकेक ढेकूळ जागेवर दाबायला लागल्या. एकीने भुऱ्याला उचलून खाली नेलं, बाकीच्याही माती पसरायला बसल्या. हात लागेल तिथे गवत लखलखत उभं राहिलं. खालची घरंही गारावली. एकेक एसी गप्प झाला. भुऱ्या वाटीभर दूध पिऊन खिदळत वर आला.

"तुझं भलं होवो गं," म्हणत परी उंच उडाली. भोवतीच्या बोडक्या गच्च्या पाहून तिने रागाने नाक मुरडलं आणि सोनेरी प्रकाशात दिसेनाशी झाली.

समोरच्या गच्चीवर बायका तोंडात बोट घालून उभ्या होत्या.

"बघत काय बसलात?" मातीने बरबटलेल्या हातांनी काकू गरजल्या. "माती चढवा वर! तुमच्या गच्चीवरही कुणाचं तरी लेकरू असेल!"