दोन शेंड्यांचा ताड

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा चष्मा कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. मुलांनो ऐका, आणि मुलांच्या आज्यांनो, तुम्हीही ऐका.

एका लहानशा गावात एक नेत्रवैद्य राहत होता. सुईने मोतीबिंदू बाजूला सारण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. घरी बायको आणि दोन लेकी. रोगी कितीही असोत, दुपारी तो जेवायला बसे तो बायको-लेकींसोबतच.

त्याची तपासायची रीत साधी होती. रोग्याला ओट्यावर बसवायचं आणि समोरच्या टेकडीवरचा ताड दाखवायचा. त्या ताडाला दोन शेंडे होते. "शेंडे किती दिसतात?" असं तो विचारी. दोन म्हणणाऱ्याला अंजन मिळे. एक म्हणणाऱ्याची बाहुली तो निरखून पाही, आणि मग सुई.

पुढे वैद्याच्या स्वतःच्याच डोळ्यांवर पडदा चढू लागला. आधी ताड पुसट झाला, मग अख्खी टेकडी. पण वैद्य डोळ्यांचा, आणि त्याचेच डोळे गेले, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? लोक हसतील, घरची चूल थंड पडेल. शेंडे दोन, हे त्याला पाठच होतं. त्यावर तो वेळ मारून नेत होता. "उशीर का केलास? डोळ्याचं दुखणं लपवतात का?" असं मात्र तो रोग्यांवर रोज ओरडे. माणूस असाच असतो, काय करता!

एकदा एक विणकर बाई आली. मागावर बसलं की डोळे चुरचुरतात, एवढीच तिची तक्रार.

"शेंडे किती?"

"एक."

"नीट बघ."

"नीटच बघतेय, वैद्यबुवा. एकच आहे."

वैद्याने बाहुली पाहिल्यासारखं केलं. त्याला सगळंच धुरकट दिसत होतं. "मोतीबिंदू आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळी ये. सुई घालावी लागेल."

बाई रडकुंडीला आली. "डोळे गेले तर माझा माग बंद पडेल हो!" पण वैद्याचा शब्द मोडणार कोण? ती मान डोलावून गेली.

दुपारी पानावर बायको म्हणाली, "अहो, मी आतून ऐकलं. ती बाई खरं तेच बोलली. परवाच्या वादळात ताडाचा एक शेंडा मोडून पडला." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला दिसलं नाही?"

वैद्याच्या हातातला घास हातातच राहिला. चांगल्या डोळ्यात आपण सुई घालणार होतो!

"अंजनानंच भागेल, असं सांगतो तिला," तो पुटपुटला. "कुणाला कळायचं नाही."

"तिचं भागेल हो. तिच्यानंतर येईल त्याचं काय?"

वैद्य अर्ध्या जेवणावरून उठला.

सकाळी ओटा रोग्यांनी भरला. बाई पुढे आली. वैद्याने सगळ्यांसमोर हात जोडले. "बाई, तुझे डोळे चांगले आहेत. दोष माझ्या डोळ्यांत आहे. मला तो ताडच दिसत नाही."

आता लोक उठून जाणार, असं वैद्याला वाटलं. बाईने पदराने डोळे पुसले आणि ती कडाडली, "मग उशीर का केलात? डोळ्याचं दुखणं लपवतात का?"

सगळा ओटा हसला. वैद्यही हसला, आणि हसता हसता रडला.

शेजारच्या गावी त्याचाच एक शिष्य होता. त्याने भीत भीत गुरूच्या डोळ्यांत सुई घातली. पट्टी सुटली तेव्हा वैद्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग लेकींकडे. "अगं, किती उंच झाल्यात या!" तो म्हणाला. मग टेकडीकडे वळून म्हणाला, "एक."

तेव्हापासून रोज सकाळी वैद्य स्वतः रोग्याच्या जागी बसे. बायको अंगणाच्या टोकाला कधी पडवळ, कधी पळी धरून उभी राही आणि ठसक्यात विचारी, "ओळखा!" ओळखलं, तरच पहिला रोगी आत येई. लोक ही गंमत बघायला लवकर येऊन बसत, आणि डोळे त्याच्याच हाती निर्धास्त सोपवत.

बोध एवढाच: दुसऱ्याची नजर तपासणाऱ्याने आधी आपली तपासून घ्यावी.