सोडणारी बैठक

मोटारसायकली डांबर सोडून डोंगरातल्या दगडधोंड्यांत शिरू लागल्या, त्या काळची ही गोष्ट. तन्वीर नावाच्या स्वाराच्या हेल्मेटवर एक छोटा कॅमेरा बसायचा. त्याला आपल्या नजरेचा भारी तोरा. प्लास्टिकच्या साध्या बैठकीने त्याला धरून ठेवलेलं आणि शिवाय एका बारीक, सैल दोरीने तो हेल्मेटला बांधलेला.

"मला पोलादी बोल्टनेच आवळायला हवं होतं," कॅमेरा कुरकुरायचा. "बाई, तुझा काय भरवसा?"

"धक्के कितीही बसू देत, मी हलायची नाही," बैठक म्हणायची. "पण फांदीत अडकलास, तर मात्र सोडणार."

"म्हणजे ऐन वेळी दगा!"

त्या दिवशी ओढ्यातले गोटे झाले, उभी चढण झाली. कॅमेऱ्याची नजर तसूभर ढळली नाही. मग एका वळणावर बाभळीची फांदी आडवी आली आणि तिने कॅमेऱ्याला धरलं. तन्वीरचं डोकं मागे खेचलं गेलं.

कट्!

बैठक मोडली. कॅमेरा फांदीतून निसटला आणि दोरीला लोंबकळू लागला. तन्वीरने गाडी थांबवली, हेल्मेट काढलं, मान हळूच डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"वाचलो रे बाबा," तो मोडक्या बैठकीवरून अंगठा फिरवत म्हणाला. "ही तुटली नसती, तर मानच गेली असती."

कॅमेऱ्याने आजवर कितीतरी शूर पाहिले होते. आता तो दोरीला लोंबकळत त्या मोडक्या बैठकीकडेच बघत राहिला.

पुढच्या फेरीला नवी बैठक आली. निघण्याआधी कॅमेऱ्याने तिला एवढंच विचारलं,

"फांदीत अडकलो, तर सोडशील ना गं?"