देवासाठी लावलेला भोपळा

एका गावात एक बाई होती. सालोमीबाई तिचं नाव. तिचा देवावर एवढा जीव होता की त्यापुढे तिला दुसरं काही दिसतच नसे, आणि आपली गोष्ट नेमकी तिथेच सुरू होते.

गाव लहानसं. मधून ओढा, ओढ्याच्या काठी कौलारू चर्च, आणि त्याच्या आसपास ख्रिस्ती आणि इतर अशी सगळ्यांचीच घरं एकमेकांत मिसळलेली. सालोमीबाई एकटीच राहायची. नवरा देवाघरी गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. पहाट झाली की ही अंगणात उभी राहून गीतं म्हणायची आणि मोठ्याने प्रार्थना करायची. आवाज खणखणीत. सुराचं म्हणाल, तर देव समजून घेत असावा. तिच्यामुळे गल्लीतल्या कोंबड्यांनी आरवायचं सोडून दिलं, असं लोक म्हणत. लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात.

तिच्या कुंपणापलीकडे रखमाजी सुतार आणि त्याची बायको हौसाबाई राहायचे. रखमाजी चर्चला जाणारा नव्हता, पण त्याने कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं. हौसाबाई आणि सालोमीबाईचं तर फारच जमायचं. शेवया करायच्या तर दोघींनी मिळून, पापड लाटायचे तर दोघींनी मिळून. हसू लागल्या की ओढ्यापलीकडे ऐकू जाई.

पण उन्हाळ्यातल्या एका पहाटे रखमाजी कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "सालोमीबाई, देवाला जरा झोपू द्या की."

तो हसत म्हणाला होता. पुढे आणखी काही बोलणारही होता. पण सालोमीबाईने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. माझ्या देवाची चेष्टा करतो काय हा माणूस, असं तिच्या मनाने घेतलं. ती तडक घरात गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्या घराशी अबोला.

नुसता अबोला असता तरी एक वेळ ठीक होतं. दुसऱ्या दिवसापासून ती कुंपणाकडे तोंड करून गाऊ लागली, आणि आवाज आणखी चढवून. देवाचा मान राखायला नको? हौसाबाईही बाहेर दिसेनाशी झाली. ती पण नवऱ्यासारखी फुगून बसली असेल, असं सालोमीबाईने ठरवून टाकलं. ओढ्यावर एखादी बाई काही सांगायला लागली, तर ही म्हणे, "त्या घराचं नाव माझ्यापुढे काढू नका," आणि कळशी उचलून चालू लागे. आपण देवाची बाजू घेतोय, असं तिला मनापासून वाटत होतं. रागाला देवाचं नाव दिलं की तो राग आहे हे आपलं आपल्यालाच कळत नाही.

त्या गावात कापणीचा सण असे. ज्याच्याकडे जे पिकेल, त्यातलं पहिलं आणि चांगलं चर्चमध्ये आणायचं. कुणी बाजरीची कणसं आणी, कुणी भुईमूग, कुणी वांगी. सगळं समोर मांडायचं आणि पाळकसाहेब एकेका जिनसाचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे. सालोमीबाईला शेत नव्हतं. म्हणून तिने परसात लाल भोपळ्याची बी लावली आणि पाळकसाहेबांना सांगून ठेवलं, "यंदा मधली जागा मोकळी ठेवा. असा भोपळा आणते की बाकीचं काही दिसायचं नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "बाकीचंही दिसू द्या थोडं."

वेल जोमाने वाढला. सालोमीबाई रोज पहाटे मोठ्याने सांगे, "देवा, हा भोपळा तुझा. याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नकोस." पण कुंपणाच्या अलीकडे आलेली फुलं गळून गेली. वेलाने मात्र कुंपण धरलं, वर चढला, पलीकडे उतरला, आणि रखमाजीच्या शेणखताच्या ढिगाशेजारी त्याला एक भोपळा धरला. बघता बघता तो परातीएवढा झाला.

सालोमीबाई कुंपणाच्या फटीतून बघे आणि तिचा जीव वरखाली होई. मागायचं तर बोलावं लागणार. बोलायचं तर नाही. मग तिने प्रार्थना सुरू केली, "देवा, तुला काय अवघड आहे? भोपळा तेवढा इकडे आण." तिचा विश्वास पक्का होता, त्यात काही खोट नाही. भोपळा मात्र तसूभरही हलला नाही. एकदा तिने लांब काठीला आकडी बांधून वेल ओढायचा प्रयत्न केला. भोपळ्याचा देठच करकरला, तेव्हा घाबरून काठी टाकून दिली.

एके दिवशी तिने पाहिलं, तर रखमाजी भोपळ्याखाली पेंढा घालत होता. वरून गोणपाटाची सावलीही केली होती. सालोमीबाईचं डोकंच फिरलं. कढईत घालण्यासाठी पोसतोय, दुसरं काय, असं म्हणत ती थेट पाळकसाहेबांकडे गेली.

"पाळकसाहेब, देवाचा भोपळा त्या माणसाच्या तावडीत सापडलाय."

"मागितला का त्याच्याकडे?"

"मी त्याच्याशी बोलत नाही. तो देवाला बोलला."

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवाने माझ्याकडे अजून तरी रखमाजीची तक्रार केलेली नाही. सालोमीबाई, देवाला काही द्यायला निघाला आहात आणि मध्ये कुणाशी वाकडं आहे. आधी त्याच्याकडे जा. गोड बोलून या, मग भोपळा आणा. देवाला घाई नाही."

"आणि त्याने नाही दिला तर?"

"तर रिकाम्या हाताने या. पण बोलून या."

हे ऐकायला सोपं, करायला महाकठीण. सणाच्या दिवशी सकाळी सालोमीबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. आपल्या दारापर्यंत गेली, परत आली, पदर नीट केला, पुन्हा गेली. घरात कोंबडीची अंडी होती, तीच न्यावीत असाही विचार तिच्या मनात आला. पण साऱ्या गावाला भोपळ्याचं सांगून बसली होती. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि रखमाजीची कडी वाजवली.

रखमाजीने दार उघडलं. मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, "या की बाई. ती मागच्या दाराशी आहे."

मागच्या दाराशी खाट होती आणि खाटेवर हौसाबाई पडलेली होती. सालोमीबाईने तिला आधी ओळखलंच नाही, एवढी ती वाळली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"आलीस?" हौसाबाई म्हणाली. "मला वाटलंच होतं, भोपळा तुला घेऊन येणार."

"हौसे, हे कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," रखमाजीच बोलला. "कंबरेचं दुखणं. रात्रभर डोळा लागत नाही. पहाटे कुठं जरा लागतो. त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो, पण मला धड बोलता येत नाही. थट्टेवारी न्यायला गेलो आणि तुम्ही रागावलात."

सालोमीबाई मटकन खाली बसली. आपण रोज पहाटे कुंपणाकडे तोंड करून काय करत होतो, ते तिला आता समजलं. तिला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हौसाबाईने हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला.

"रडू नकोस गं. झोप लागत नव्हती हे खरं, पण करमणूक व्हायची. तुझी प्रार्थना इथे सगळी ऐकू येते. भोपळा देवाचा आहे हे आम्हाला तूच सांगितलंस की. म्हणून तर यांना म्हटलं, खाली पेंढा घाला, सावली करा. दुसऱ्याच्या देवाची का असेना, वस्तू आपल्या दारात आलीय. नासता कामा नये."

ज्या माणसाने देवाची चेष्टा केली म्हणून ती रागावली होती, तोच तिच्या देवाचा भोपळा राखत बसला होता.

"घेऊन जा आता," हौसाबाई म्हणाली. "आणि देवाला माझ्यातर्फे माफी माग. मी दिवसभर इथे पडून त्या भोपळ्याकडे बघायची आणि मनात घारगे तळायची. देवाच्या वस्तूवर डोळा ठेवला म्हणायचं."

रखमाजी हळूच म्हणाला, "किती दिवसांत तिला काही खावंसं वाटलं नाही. मी करतो ते तिच्या घशाखाली उतरत नाही. माझ्याही उतरत नाही, ती गोष्ट वेगळी."

तेवढ्यात चर्चची घंटा वाजू लागली. सण सुरू होत होता. सालोमीबाई परसात गेली आणि तिने भोपळा देठापासून तोडला. दोन्ही हातांत मावत नव्हता. एवढा भोपळा गावात कुणी पाहिला नसेल. समोर चर्चची वाट होती. मधली जागा मोकळी होती. सगळं गाव वाट बघत असणार होतं. आणि मागे खाटेवर हौसा होती.

देवाला कबूल केलेली वस्तू दुसऱ्याला द्यायची म्हणजे लहान गोष्ट नव्हे. ती डोळे मिटून म्हणाली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "देवा, भोपळा तुझाच आहे. पण मी आता विळी मागणार आहे. रागवायचं असलं तर माझ्यावर रागाव, हौसावर नको. पण तू रागवणार नाहीस अशी माझी खात्री आहे. इतकी वर्षं मी तुला ओळखते."

मग ती स्वयंपाकघरात गेली. "रखमाजीदादा, विळी कुठे आहे? आणि गूळ काढा. कणीक चाळलेली आहे ना?"

भोपळा किसला, गुळात शिजवला, कणीक मळली. चुलीवर कढई चढली. रखमाजीला घारगे थापायला बसवलं, तर त्याचे घारगे चौकोनी होऊ लागले. सुताराचा हात, काय करणार. हौसाबाई खाटेवरून हसली. हसताना कंबर दुखली, तरी हसली. तळता तळता सालोमीबाई एक गीत म्हणू लागली, शेजारच्या खोलीत जेमतेम पोचेल एवढ्या आवाजात. आश्चर्य म्हणजे सूरही बरा लागला.

हौसाबाईने एक घारगा खाल्ला. मग दुसरा मागितला. तो संपायच्या आत तिचे डोळे मिटू लागले आणि ती भर सकाळी गाढ झोपली. रखमाजी दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. त्याने नुसते हात जोडले. ते हौसासाठी की देवासाठी, सालोमीबाईने विचारलं नाही.

ती चर्चमध्ये पोचली तेव्हा उपासना संपत आली होती. समोर बाजरी, भुईमूग, मूग, वांगी, सगळं रचून ठेवलं होतं आणि बरोबर मधली जागा रिकामी होती. सगळ्यांच्या माना वळल्या. सालोमीबाईच्या लुगड्यावर पिठाचे डाग होते, केसांना तळणाचा वास येत होता, आणि हात रिकामे होते.

कुणीतरी कुजबुजलं, "भोपळा कुठंय?"

पाळकसाहेबांनी विचारलं, "सालोमीबाई, जागा ठेवली आहे. बोलणं झालं का?"

"झालं," ती म्हणाली. "पण भोपळा येणार नाही, पाळकसाहेब. हौसा उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलीय. मला शेजारी राहून माहीत नव्हतं. देवाचा भोपळा मी तिला घारगे करून खायला घातला. चूक झाली असेल तर सगळ्यांसमोर सांगते."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि पुन्हा लावला.

"खाल्ले का तिने?"

"दोन खाल्ले. आता झोपलीय."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे आलेल्या एकेका जिनसाचं नाव घेऊन देवाचे आभार मानू लागले. बाजरीचं नाव घेतलं, भुईमुगाचं घेतलं, मुगाचं, वांग्यांचं घेतलं.

पण सगळ्यात आधी त्यांनी भोपळ्याचं नाव घेतलं.

तात्पर्य एवढंच: देवावर प्रेम आणि शेजाऱ्याशी अबोला ही दोन्ही एका घरात नांदत नाहीत. देवासाठी राखून ठेवलेलं शेजाऱ्याच्या ताटात गेलं, तर ते देवाला पोचलंच म्हणून समजावं.